लेखी परवानगीची घरफोडी

माझी मुलगी बंगळुरात संगणकांची कुलुपे फोडण्याच्या स्पर्धेत उतरली, ही वार्ता मिरजेत माझ्या परतीच्या गाडीआधी पोहोचली होती. वाचनालयाच्या पायरीवर दोन सद्गृहस्थांनी मला सहानुभूती देऊ केली. मी ती स्वीकारली नाही. ज्यांनी ती स्पर्धा पाहिली नाही, तिचे नियम वाचले नाहीत आणि तरीही ज्यांचे मत तयार आहे, त्यांच्यासाठी हे वर्णन लिहीत आहे. कोणाचा आक्षेप असल्यास त्याने तो लेखी कळवावा; पायरीवर मी उत्तरे देत नाही.

प्रवासाचे कारण एक पत्र. रेवती ज्या कंपनीत गेले दहा महिने उमेदवारीवर काम करीत होती, त्या कंपनीने ते मला, तिच्या वडिलांना, पाठवले होते. आपली कन्या संगणकांत अनधिकृत प्रवेश करण्याच्या एका स्पर्धेत भाग घेण्याच्या बेतात आहे, पालक या नात्याने आपण तिला परावृत्त करावे, अन्यथा तिला सेवेत कायम करण्याविषयी फेरविचार करावा लागेल, असा मजकूर होता. मी एकतीस वर्षे न्यायालयात नोकरी केली आणि शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. चोवीस वर्षांच्या, पदवीधर, दोनदा मतदान केलेल्या स्त्रीच्या वर्तनाबद्दल तिच्या वडिलांना पत्र लिहिण्याचा अधिकार कंपनीस कोणत्या कलमाखाली प्राप्त झाला, अशी पृच्छा मी त्याच दिवशी रजिस्टर टपालाने केली. पंधरा दिवस वाट पाहिली. उत्तर आले नाही, तेव्हा मी स्वतः निघालो.

दुसरा राग मुलीवर होता, हे लपवत नाही. न्यायालयात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या मुलीने परक्याच्या दाराला हात लावण्याचा खेळ खेळावा, हे मला पटत नव्हते. आमच्या हिने, रेवतीच्या आईने, तर मी निघताना स्पष्टच सांगितले होते, "भांडा, पत्रं लिहा, काय हवं ते करा, पण येताना तिला घेऊन या."

बसवनगुडी, पहिला दिवस

जानेवारीतले बंगळूर सकाळी आठलाही स्वेटर मागते. आमच्याकडे त्या वेळी माणूस उन्हाला पाठ देऊन चहा पितो. इथे उन्हाला तोंड करून कॉफी पितात. रेवतीच्या घरमालकीण सावित्राक्का यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरले आणि परत गेलेच नाहीत. घरात त्या मराठी बोलतात, पण त्या मराठीला कानडीची फोडणी असते.

"या अण्णा, बसा. प्रवास सरी झाला ना?" त्यांनी स्टीलच्या वाटीत पेला ठेवून कॉफी पुढे केली. "स्वल्प गरम आहे, वाटीत ओता. तुमची लेक कालपासून जेवत नाही. बाप येतोय म्हणून."

"मी काही वाघ नाही."

"तुम्ही तिला लिहिलेलं पत्र वाचलं मी. तिनंच दाखवलं. वाघ बरा."

न्याहारीला अवरेकाळू घातलेले उप्पीट होते. हे आपल्या पावट्याचे भावंड. या दिवसांत इथे प्रत्येक घरासमोर त्याच्या शेंगांचा ढीग पडतो आणि बायका गप्पा मारत दाणे सोलून, भिजवून, वरचे सालही काढून टाकतात. पावट्याला आपण इतका मान देत नाही. मी दोनदा घेतले, आणि मग रेवतीला समोर बसवले.

"काय फोडतेस तू?"

"बाबा, कुणाचं काही फोडत नाही. कॉलेजवाले स्वतःच एक संगणक मांडतात. स्वतःच त्यात चुका ठेवतात, आणि आत कुठेतरी एक वाक्य लपवतात. त्याला झेंडा म्हणतात. शोधायचा आणि त्यांच्या टेबलावर नेऊन द्यायचा. जो जास्त झेंडे आणेल तो जिंकला."

"संगणक कोणाचा?"

"त्यांचा."

"आत शिरायला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"तोंडी?"

तिने वहीतून झेरॉक्सचा एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. नऊ नियम होते. मी ते तीनदा वाचले. संघात तीन व्यक्ती असाव्यात. मांडलेल्या संगणकाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही संगणकास स्पर्श करू नये. सापडलेले उत्तर अन्य संघास सांगू नये. काही मोडल्यास तत्काळ कळवावे. खाली आयोजकाची सही होती. अनधिकृत प्रवेशाचा गुन्हा होतो तो मालकाच्या संमतीवाचून. इथे मालकच दार दाखवून आत या म्हणत होता, आणि तेही लेखी. कंपनीच्या पत्रात 'अनधिकृत' हा शब्द दोनदा होता. ज्याने तो लिहिला, त्याने हा कागद मागवून पाहिलेला नव्हता. विसावे शतक संपत आले तरी आपल्या दंडसंहितेत संगणक हा शब्दसुद्धा नाही, ही गोष्ट वेगळीच.

माझा एक राग तिथे संपला. उरलेला दुप्पट झाला.

संध्याकाळी गांधी बाजारात रेवतीच्या संघातला निखिल भेटला. हा पुण्याचा, तिच्याच कंपनीतला, आणि त्याचे वडील इथवर यायला निघालेले नव्हते. त्याने 'बाय टू' कॉफी मागवली. म्हणजे एका कॉफीचे दोन पेले. आपल्याकडे हॉटेलात असे मागितले तर पोऱ्या मालकाला बोलावून आणील. इथे लक्षाधीशही मागतो.

"काका, प्लीज समजून घ्या," तो पेल्यात बघत म्हणाला. "माझं कन्फर्मेशन मार्चमध्ये आहे. घरी पण लेटर गेलंय. आई रडतेय फोनवर. मी ड्रॉप होतोय."

"स्पर्धेत बेकायदा काय आहे, ते कंपनीने तुला सांगितलं का?"

"काका, सांगत कोण बसतं? एचआरवाल्यांचा टोनच कळतो ना."

"मग रेवती?"

"ती हट्टी आहे. कोणावर गेलीय माहीत नाही," तो म्हणाला, आणि रेवतीने पेल्याआड तोंड लपवले.

मी निखिलला दोष देत नाही, असे लिहायला हवे. पण हे वर्णन खरे असावे अशी माझी इच्छा आहे.

बसवनगुडी, दुसरा दिवस

निखिल गेल्याने संघात दोघीच उरल्या: रेवती, आणि तिची मैत्रीण भार्गवी. ही मुलगी इथलीच, कानडी, महाविद्यालयात शिकणारी. तिला कोणत्याही कंपनीचे भय नव्हते. माझ्याशी ती हिंदीत बोले आणि मला अंकल म्हणे. नियमाप्रमाणे तीन व्यक्ती हव्यात. दोघींना बसू देणार नव्हते.

"'व्यक्ती' असंच लिहिलंय," मी म्हणालो. "वयाची, शिक्षणाची, नोकरीची अट नाही."

दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या.

"बाबा, तुम्हाला संगणक चालू करता येतो का?"

"शिकव. एक दिवस आहे."

ज्यांच्या मुलांना या खेळाची सुरुवात करायची असेल, त्यांच्यासाठी त्या दिवशीची शिकवणी इथे नोंदवून ठेवतो. रेवतीच्या खोलीत सुटे भाग आणून जोडलेला एक संगणक होता, त्यावर कापडी झाकण होते, आणि वीज गेली की त्याच्याखालची बॅटरीची पेटी टिटवीसारखी ओरडत असे. वीज तीनदा गेली.

पहिला धडा, पडद्यावर दिसते तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक पानाला मागची बाजू असते. एक कळ दाबली की ज्या मजकुरावरून ते पान तयार झाले तो दिसतो, आणि लिहिणारा तिथे स्वतःसाठी काहीबाही टिपून विसरलेला असतो. मला हे समजावे लागले नाही. मुद्रांकाचा कागद हातात आला की मी आधी उलटा करतो. कोणी, कधी, कोणाच्या नावे घेतला हे मागेच असते, आणि खोटे दस्त बहुतेक तिथेच पकडले जातात. दुसरा धडा, अक्षरे ठरावीक घरे पुढे सरकवून लिहिलेले निरोप वाचणे. हे मी दुपारच्या जेवणाआधी उरकले. तिसरा, संगणक नवा आणताना त्याच्याबरोबर जो परवलीचा शब्द येतो, तो माणसे आळसाने बदलतच नाहीत. चौथा, जे जे करून पाहिले ते वहीत टिपणे. लागले नाही तेही टिपणे, नाहीतर तेच तेच पुन्हा करत बसतो.

अपघात झाला तो टंकलेखनात. माझी बोटे जुन्या टाईपरायटरवर घडलेली. तिथे कळ आपटून दाबावी लागते. या कळा फुंकरीनेही उमटतात. मी एक अक्षर मारले की पडद्यावर चार उमटत. परवलीचा शब्द तीनदा चुकल्यावर यंत्राने दार लावून घेतले आणि दहा मिनिटे कोणालाच आत घेईना.

"अंकल, धीरे. पियानो जैसा," भार्गवी म्हणाली.

"मी पियानो पाहिलेला नाही."

"मग अण्णा, रांगोळीसारखं," दारातून सावित्राक्का म्हणाल्या. त्या कॉफी घेऊन आल्या होत्या आणि अर्धा तास उभ्या होत्या. "चिमटीतनं सोडायचं."

ते जमले. तरीही कळांचे काम मी मुलींकडे ठेवावे आणि वाचनाचे मी घ्यावे, असे एकमताने ठरले.

महादेवपुरा, तिसरा दिवस

महाविद्यालय शहराच्या पूर्वेला, महादेवपुऱ्याच्या पुढे होते. बसच्या पाटीवरची कानडी अक्षरे मला भातुकलीतल्या जिलब्यांसारखी दिसतात. मी आत्मविश्वासाने एका बसमध्ये चढलो आणि मुली मागून ओरडत धावल्या. पुढच्या थांब्यावर उतरून मी त्यांची वाट पाहिली. योग्य बस कारखान्यांच्या भिंती, द्राक्षांचे मांडव आणि एक मोठे तळे ओलांडून गेली. त्या मांडवांच्या कडेला काचेच्या इमारतींच्या पायाचे खड्डे खणून ठेवलेले होते.

संगणक कक्षाबाहेर पादत्राणे काढावी लागतात. देवळात काढतो तशी ओळीने काढली. आत बर्फासारखी हवा सोडलेली. चौदा संघ, चौदा टेबले, आणि पंचविशीच्या आतले बेचाळीसपैकी एकेचाळीस स्पर्धक.

आयोजक म्हणून एक तरुण अधिव्याख्याता होता. तो माझ्याकडे आला आणि अदबीने इंग्रजीत म्हणाला की पालकांना बसायला बाहेर खुर्च्या आहेत.

"मी तिसरा स्पर्धक आहे. आपला नियम दुसरा पाहावा."

त्याने पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा नियम पाहिला. "सर, आम्हाला विद्यार्थी असं म्हणायचं होतं."

"म्हणायचं काय होतं, ते पुढच्या वर्षी लिहा. यंदा 'व्यक्ती' लिहिलंय, आणि त्याखाली आपली सही आहे. मी व्यक्ती नाही, असं आपलं म्हणणं असेल तर तसं लिहून द्या."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसले. अधिव्याख्याता भला होता. त्याने माझे नाव यादीत लिहून घेतले आणि माझ्यासाठी एक उंच खुर्ची मागवली.

पहिले दोन झेंडे मुलींनी पाऊण तासात आणले. तिसऱ्यात अडकल्या. त्या कोड्यात यंत्राची नोंदवही दिलेली होती: कोण आले, किती वाजता आले, आत घेतले की परतवले. हजारेक ओळी. त्यात एक ओळ घुसखोराने मागाहून घातलेली होती. ती ओळखायची, तिच्यातला शब्द हाच झेंडा. सगळे संघ पडद्यावर बोटे फिरवत संशयास्पद नावे शोधत होते.

"अंकल, आप पढ़ेंगे?" भार्गवीने विचारले. "हज़ार लाइन है."

मी ती छापून मागितली. नियमात मनाई नव्हती. ठिपके मारत धावणाऱ्या त्या छपाईयंत्रातून कडेला भोके असलेला कागद घडीघडीने बाहेर पडला, आणि मी तो फरशीवर पसरून, गुडघे टेकून, पट्टी लावून एकेक ओळ वाचू लागलो. याला आमच्याकडे रोजनामा म्हणतात. दाव्यात आज काय झाले, कोण हजर, कोण गैरहजर, याची रोजची नोंद. त्यात मागाहून ओळ घुसवणारे मी तीन वेळा पकडले आहेत. नावे बघून असे काही सापडत नाही. खोटी नोंद घालणारा नाव नेहमी सभ्यच घालतो. पाहायची ती वेळ. घाईत घातलेली ओळ आपल्या जागी बसत नाही.

सहाशे बारावी ओळ. तिच्यावर अकरा वाजून पंधरा, तिच्याखाली अकरा सोळा, आणि तिची स्वतःची वेळ दहा बेचाळीस.

"हीच," मी म्हणालो. रेवतीने तो शब्द चिठ्ठीवर लिहून टेबलावर नेला. संपूर्ण कक्षात तो झेंडा आणणारे आम्ही पहिले होतो.

मी तिथेच थांबायला हवे होते. पण हातात घेतलेला रोजनामा शेवटपर्यंत वाचायचा, ही सवय. तळाशी एक विचित्र नोंद होती. जिथे येणाऱ्याचे नाव असायचे, तिथे आकडे आणि अक्षरांची खिचडी होती, आणि पुढे 'परतवले'. त्याच्या लगेच खाली आयोजकांचे नाव आणि 'आत घेतले'. मी दोन्ही ओळींवर पट्टी ठेवून रेवतीला दाखवल्या.

तिने वाकून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे कोड्यातलं नाही. हे आजचं आहे. त्यांनी घाईत नावाच्या जागी परवलीचा शब्द टाईप केला. यंत्राने तो नाव समजून लिहून ठेवला."

"म्हणजे काय होईल?"

"ज्या संगणकावर सगळी उत्तरं आहेत, तो उघडेल. आत्ता."

भार्गवीचे हात कळांवर होते. आम्ही त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर होतो. पहिल्या तीन संघांना प्रशस्तिपत्र होते, आणि त्या कागदाची किंमत मला ठाऊक होती: कंपनीच्या टेबलावर ठेवायला रेवतीकडे दुसरे काहीच नव्हते. मी मनात वाक्य जुळवू लागलो. नियम तिसरा, संमतीची मर्यादा, दिवाणखान्यात बोलावलेल्या पाहुण्याने कोठीत जाऊ नये, असे बरेच काही. वाक्य तोंडात येईपर्यंत रेवती उठून आयोजकांच्या टेबलापर्यंत गेलेली होती.

अधिव्याख्याता कानापर्यंत लाल झाला. त्याने स्पर्धा वीस मिनिटे थांबवली, शब्द बदलला, आमची छापील पाने परत घेतली. आमची वहीसुद्धा, खबरदारी म्हणून, त्याने ठेवून घेतली. वही गेल्याने पुढच्या कोड्यात मुली जे करून झाले होते तेच पुन्हा करत बसल्या. आम्ही चौथे आलो. चौथ्याला काही नसते.

बाहेर येऊन चपला घालताना मी विचारले, "वाईट वाटतंय?"

"तुमचं भाषण ऐकायचं राहिलं, त्याचं," रेवती म्हणाली.

इलेक्ट्रॉनिक सिटी, पाचवा दिवस

होसूर रस्त्यावर शहर संपले की नारळाच्या बागा आणि ट्रकची रांग लागते, आणि मग एकाएकी कुंपणे. प्रत्येक कुंपणाच्या आत हिरवळ, बाहेर लाल धूळ. रेवतीच्या कंपनीत दोनशे मुले-मुली संगणकांच्या जुन्या आज्ञावलींत वर्ष दोन आकड्यांत लिहिलेले आहे ते चार आकड्यांत करण्याच्या कामाला बसवलेली आहेत. शतक उलटले की यंत्रे गोंधळतील म्हणून. त्या दिवशी तिला साडेदहाला बोलावले होते.

मी चार पानी निवेदन तयार केले होते. रेवतीने ते बसमध्ये वाचले, घडी घालून माझ्या खिशात परत ठेवले आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही फाटकाबाहेर थांबा. माझं मी बोलते." मला ते लागले. पण ज्या पत्रावर मी चिडलो होतो, त्या पत्राचे म्हणणे हेच होते की तिचे बोलणे बापाने बोलावे. मी फाटकाबाहेर गुलमोहराखाली थांबलो.

अर्ध्या तासाने ती आली. तिच्याबरोबर कर्मचारी विभागाचे एक अधिकारी होते, टाय लावलेले, दादरचे. मराठी ऐकून मला क्षणभर बरे वाटले.

"काका, नमस्कार. मुलगी हुशार आहे हो तुमची. कामात नाव ठेवायला जागा नाही. पण ऐकत नाही." त्यांनी एक टंकलिखित कागद काढला. "साधं हमीपत्र आहे. असल्या स्पर्धांत पुन्हा भाग घेणार नाही, एवढंच. आमचे परदेशी क्लायंट विचारतात ना. ती सही करत नाही म्हणते. तुम्ही करा."

"मी?"

"पालक म्हणून. तुमची सही चालेल आम्हाला. वरच्यांशी मी बोललोय. आज सही, सोमवारी कायमचं पत्र."

"तिनं केलेल्या गोष्टीत बेकायदा काय होतं?"

"काका, कायद्याचं कशाला काढता? मुलगी एकटी, परक्या शहरात. नोकरी गेली तर काय करेल? तुम्ही बाप आहात. तिचं भलं तुम्ही नाही तर कोण बघणार?"

हा प्रश्न खोटा नव्हता. आमच्या हिच्या मनात होता तोच होता, फक्त टाय लावून आला होता. माझ्या खिशात पेन होते. एका सहीने मुलीची नोकरी राहत होती, मिरजेतली पायरी गप्प होत होती, आणि मला घरी सुखाने भाकरी खाता येत होती. मी रेवतीकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. रस्त्यावरच्या ट्रककडे पाहत होती. तिने मला अडवले नाही.

मी कागद पूर्ण वाचला; न वाचता कागद परत करणे मला जमत नाही. मग तो त्यांच्या हातात दिला.

"नोकरीचा करार आपली कंपनी आणि ही, या दोघांतला आहे," मी म्हणालो. "मी त्यात तिऱ्हाईत आहे. तिऱ्हाइताची सही घेऊन आपणास काही उपयोग होणार नाही."

"काका, तुम्ही बाप आहात हो तिचे."

"ते मला माहीत आहे."

त्यांनी हमीपत्राची घडी घातली. मग सुस्कारा टाकला आणि रेवतीला इंग्रजीत सांगितले की उमेदवारी आजच संपली असे समजावे, पत्र मागाहून पोस्टाने येईल.

"माझ्या पत्त्यावर पाठवा," ती म्हणाली. "मिरजेच्या नको."

ते आत गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने, पांढऱ्या मिशांच्या एका कानडी गृहस्थाने, तिच्याकडे ओळखपत्र मागितले. नोकरी गेली की तिथेच काढून घेतात. तिने गळ्यातून ते काढले, पण हातात धरूनच ठेवले.

"पोच द्या," ती म्हणाली.

त्याच्याकडे तसा छापील कागद नव्हता. असे कोणी कधी मागितलेच नव्हते. तेव्हा तिने पर्समधली छोटी वही काढली, पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच लिहिले: ओळखपत्र क्रमांक इतका, आज दिनांक, वेळ, सुस्थितीत परत केले. खाली स्वतः सही केली आणि वही त्याच्यापुढे सरकवली. म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. शेवटी त्याने चष्मा लावला, पेन घेतले, आणि त्या गोल गोल कानडी अक्षरांत, अगदी सावकाश, आपले पूर्ण नाव लिहून दिले.